अक्रोडाचा दस्ता

पिंपरी-चिंचवड म्हटले की परगावच्या माणसाच्या मनात लोखंड येते, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. १९५४ साली पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठीच्या दशकात मोटारींचे आणि स्कूटरींचे कारखाने आले, त्यांच्या आधाराने भोसरीच्या गाळ्यागाळ्यांतून यंत्रे धडधडू लागली, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हा सारा पसारा इंद्रायणी ओलांडून चाकणच्या कांदा-बटाट्याच्या शेतांपर्यंत जाऊन पोहोचला. परंतु ओतीव लोखंडाच्या वस्तूआधी एक लाकडी वस्तू जन्माला येत असे, हे या शहरात हयात घालवलेल्या अनेकांना ठाऊक नसते. इंजिनाचा ठोकळा असो की पंपाचे घर, आधी त्याची लाकडी प्रतिकृती करावी लागे. तिला ‘पॅटर्न’ म्हणतात. ती ओलसर वाळूत दाबून बसवायची, अलगद उचलून घ्यायची आणि तिने मागे ठेवलेल्या पोकळीत वितळलेला रस ओतायचा. माझे वडील चौतीस वर्षे असे पॅटर्न करीत होते.

पॅटर्नमेकर हा जातीचा सुतार असला तरी त्याचे गणित साध्या सुतारापेक्षा निराळे. ओतीव लोखंड थंड होताना फुटामागे सुमारे १/८ इंच आकसते, पोलाद त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. प्रत्येक वेळी हिशेब करण्यापेक्षा पॅटर्नमेकर एक खास पट्टी वापरतो, जिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा तेवढाच लांब असतो. बाबांची तशी एक पितळी पट्टी घरी होती आणि भूमितीच्या अभ्यासासाठी तिला हात लावण्याची आम्हा भावंडांना सक्त मनाई होती. शिवाय पॅटर्नच्या उभ्या बाजूंना बारीकसा उतार द्यावा लागतो, म्हणजे तो उचलताना वाळूच्या कडा ढासळत नाहीत. शेवटी वाळूतली ओल लाकडात शिरू नये म्हणून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचे हात द्यायचे. हे हात देताना बाबा जी निगुती करीत, ती पाहून एखाद्याला वाटावे की ही वस्तू दिवाणखान्यात मांडायची आहे. प्रत्यक्षात ती वाळूत गाडली जायची आणि काम संपल्यावर फाउंड्रीच्या माळ्यावर धूळ खात पडायची. आज हे काम संगणकावर चालणारी यंत्रे राळेच्या ठोकळ्यांतून करतात. तक्रार नाही. मी स्वतः चाकणच्या एका कारखान्यात सुट्या भागांच्या तपासणीवर आहे आणि यंत्राने केलेल्या कामातली अचूकता रोज पाहतो.

हे सारे सांगण्याचे कारण, आमच्या घरात बाबांच्या हाताखालून गेलेली आणि आम्हाला जवळून पाहायला मिळालेली लाकडी वस्तू एकच, आणि ती म्हणजे एका रायफलीचा दस्ता.

ख्रिस्ती घरात रायफल कशी, असे काही वाचक विचारतील. आमच्या पत्नीने लग्नानंतर पहिल्याच महिन्यात विचारले होते. उत्तर अगदी पोटापाण्याचे आहे. माझे आजोबा श्रीरामपूर तालुक्यातले, मतमाउलीच्या हरेगावापासून पायी जाण्याच्या अंतरावरच्या वस्तीतले. लष्करातून निवृत्त होऊन ते गावी परतले तेव्हा पेन्शन तुटपुंजी होती. अशा माणसाला राखणदाराची नोकरी मिळे, पण ज्याच्यापाशी स्वतःचे शस्त्र आणि परवाना असेल त्याला ती लवकर मिळे. ही रीत आजही चालू आहे; बँकेच्या दारात उभ्या असलेल्या वृद्ध पहारेकऱ्याच्या हातातली बंदूक बहुधा त्याची स्वतःची असते. आजोबांनी १९७० साली साठवलेले पैसे मोडून इशापूरच्या सरकारी कारखान्यातली पॉइंट ३१५ ची रायफल घेतली. लष्कराच्या पॉइंट ३०३ ची ती नागरी बहीण. फौजी काडतूस सामान्य नागरिकाच्या हाती जाऊ नये म्हणून वेगळ्या मापाची केलेली, बाकी ठेवण तीच. या रायफलीच्या जोरावर आजोबांना तालुक्याच्या गावी धान्याच्या एका गोदामावर रात्रपाळी मिळाली.

१९८६ साली आजोबा देवाघरी गेले. परवाना बाबांच्या नावे झाला आणि रायफल पिंपरीला आमच्या दोन खोल्यांत, लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात आली. तिने आमच्याकडे एकही बार काढला नाही. तिचा प्रवास म्हणजे दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा होणे आणि निकालानंतर परत येणे. अनेक बंदुका एका खोलीत, एकीवर एक रेललेल्या. प्रत्येक फेरीत दस्त्यावर एखादा नवा पोचा पडून येई. २०२४ च्या जूनमध्ये लोकसभेची आचारसंहिता संपल्यावर आम्ही ती घरी आणली, तेव्हा बाबांनी ती मांडीवर घेऊन बराच वेळ बोटे फिरवली. बाबा तेव्हा सत्याहत्तर वर्षांचे होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना कंपवाताचे निदान झाले होते आणि उजवा हात आता सुपारी कातरतानाही ऐकत नव्हता.

“हे लाकूड एकदा नीट करून घेऊ,” ते म्हणाले. “पुढच्या निवडणुकीआधी.”

त्यांच्या मनात आणखी काय आहे हे मला कळत होते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा त्याने शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले, की तो हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागू शकतो. दोन्ही अटी कधीच्या पुऱ्या झाल्या होत्या. मला रायफल नको होती. यशया संदेष्ट्याने तलवारींचे फाळ होण्याचे जे स्वप्न पाहिले ते वाचून मान डोलवायची आणि कपाटात रायफल ठेवायची, हे मला जमण्यासारखे नव्हते. पण हे बाबांना कसे सांगावे? त्यांच्या वडिलांची ती एवढी एकच वस्तू उरली होती. मी गप्प राहिलो आणि रविवारची मिस्सा आटोपून येताना भोसरीच्या हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर, स्पिरिट आणि जवसाचे पक्के तेल घेऊन आलो.

या घराण्यातल्या रायफलींचे लाकूड दोन तुकड्यांत असते: नळीखालचा पुढचा भाग आणि खांद्याला टेकतो तो दस्ता. दस्ता एका लांब बोल्टाने आतून आवळलेला असतो. आधी पुढचा भाग उतरवायचा आणि मगच तो बोल्ट फिरवायचा. उलट केले तर पुढचे लाकूड तडकते. बाबांनी हे कोणाकडून ऐकले नव्हते. त्यांनी जोड पाहिला आणि तो कसा बसला असेल ते सांगितले. धातूचा भाग पुसून कपाटात कुलूपबंद झाला आणि लाकूड गॅलरीतल्या पाटावर आले.

लाकूड अक्रोडाचे. बंदुकीला जगभर अक्रोड पसंत करतात, कारण ते हलके असून धक्का सोसते आणि पावसाळ्या-उन्हाळ्यात फारसे वाकत-पिळत नाही. आपल्याकडे ते काश्मीरचे. दस्त्याची मान जिथे बारीक होते तिथे रेषा लांबीच्या दिशेने धावल्या पाहिजेत, आडव्या गेल्या तर पहिल्याच धक्क्याला तुकडा पडतो. बाबांनी चष्मा वर करून मानेवरच्या रेषा पाहिल्या आणि इशापूरच्या त्या अनोळखी कारागिराला दाद दिली. पण वरून कोणीतरी, बहुधा गावाकडच्या रंगाऱ्याने, जाड व्हार्निश फासले होते. ते पिवळे पडून त्याला जाळी पडली होती.

व्हार्निश काढायला बाबांनी काच मागितली. फुटलेल्या तावदानाचा तुकडा उभा धरून ओढला की काचेच्या धारेने जुना थर कांद्याच्या सालीसारखा सुटतो; रंध्याला न पोहोचणाऱ्या गोलाईवर याहून चांगले हत्यार नाही. ही काच मात्र त्यांना स्वतः धरता येईना. पहिल्याच ओढीला हात थरथरला आणि त्यांनी काही न बोलता तुकडा माझ्यापुढे सरकवला. त्या दिवसापासून हात माझे आणि बोटे त्यांची असा करार झाला. मी खरवडायचे, त्यांनी डोळे मिटून तळव्याने तपासायचे आणि सांगायचे, “इथे अजून आहे. इथे बास.” तपासणीच्या खात्यात मी वीस वर्षे काढली आहेत. केसाच्या जाडीचा फरक सांगणारी यंत्रे माझ्या हाताखाली असतात. तरीही बाबांच्या अनामिकेला जो चढ लागे तो मला डोळ्यांनी दिसत नसे. थरथरणारा हात लाकडावर टेकला की शांत होई, हे आम्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आले, पण कोणी बोलले नाही.

पोचे काढण्याची रीत आईला फार आवडली, कारण त्यात तिची इस्त्री लागली. दाबले गेलेले लाकूड म्हणजे मेलेले लाकूड नव्हे. ओले फडके त्यावर ठेवून गरम इस्त्री टेकवली की वाफ आत शिरते, दबलेले धागे फुगतात आणि खड्डा वर येतो. पाच-सहा निवडणुकांचे पोचे एका दुपारी नाहीसे झाले. मात्र धागे तुटलेले असतील तर वाफ काही करू शकत नाही.

असा एक पोचा होता. दस्त्याच्या तळाशी, टाचेच्या कोपऱ्यावर, अंगठ्याच्या पेराएवढा, कडा फाटलेल्या. तीनदा वाफ दिली, तो तसाच राहिला. मी चौथ्यांदा फडके भिजवू लागलो तेव्हा बाबांनी मला थांबवले आणि मला ठाऊक नसलेली हकिगत सांगितली.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना जास्त सांगायला नको. खडी फोडण्याची कामे, सुकडी, परदेशातून आलेला लाल मिलो. अशा वर्षी आजोबा धान्याच्या गोदामावर राखणीला होते. एका रात्री मागच्या खिडकीत आवाज झाला. कोणीतरी गजांतून हात घालून पोत्याला भोक पाडत होते. आजोबांनी बार काढला नाही, ओरडलेही नाहीत. त्यांनी दस्ता उलटा करून खिडकीच्या दगडी उंबऱ्यावर हाणला. दगडाची धार लाकडात शिरली आणि मध्ये दोन बोटे होती. सकाळी कळले की तो माणूस खडीच्या कामावरचा मजूर होता. चिंचोळ्या चिमटीत मावेल एवढी ज्वारी त्याने नेली होती.

आजोबा पुढच्या शनिवारी मिशनमध्ये पापनिवेदनाला गेले. धर्मगुरूंनी त्यांना प्रार्थना सांगितल्याच, पण आधी त्या माणसाच्या घरी जायला सांगितले. आजोबा गेले. हात बरा होऊन तो पुन्हा हातोडा धरीपर्यंत त्याच्या घरचे अर्धे धान्य आमच्या घरातून जात राहिले. एक बोट वाकडेच राहिले. नोकरी आजोबांनी सोडली नाही. सोडून खायचे काय, हा प्रश्न होता. बाबा त्या वेळी पंचवीस वर्षांचे होते, नुकतेच पिंपरीत कामाला लागलेले. सुट्टीत घरी गेल्यावर आजोबांनी त्यांना हे एकदाच सांगितले आणि पुन्हा कधीही विषय काढला नाही.

“म्हणून हा पोचा भरून काढायचा,” बाबा म्हणाले. “त्यासाठीच तर सगळं काढलंय.”

मला ते पटले नाही. बाकीचे पोचे गेले ते गेले, पण हा आपल्या घराण्याच्या आठवणीचा आहे, तो राहू द्यावा, असे मी म्हणालो.

“पाप कबूल केलं, माफ झालं. देवानं पुसलेलं आपण कशाला मिरवायचं?”

“पण बाबा, पुनरुत्थानानंतरही प्रभूच्या हातांवर खुणा होत्याच ना? थोमाला त्यांनी त्याच दाखवल्या.”

बाबांनी फार विचार केला नाही. “त्या सोसलेल्या जखमा होत्या. ही दिलेली आहे.”

धर्मशिक्षणाचे वर्ग मी काही वर्षे घेतले आहेत, पण यावर मला उत्तर सुचले नाही. तरी मन मानेना. रात्री जेवताना मी एवढेच म्हणालो, की लाकूड आपण भरून काढू, पण त्या माणसाचे बोट कोणी भरून काढले नाही. आईने माझ्याकडे रागाने पाहिले. बाबा उठून गेले. त्यानंतर दोन दिवस दस्ता वर्तमानपत्रात गुंडाळून पडून होता.

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच कामाला हाक मारली. ठिगळ लावायचे, असे ठरवूनच ते आले होते. बाजारातले अक्रोड आणले तर त्याची रेष जुळणार नाही. म्हणून तळाची पट्टी काढून, ती पुन्हा बसल्यावर झाकला जाईल अशा भागातून एक बारीक चकती काढायची. फाटका भाग पटाशीने शंकरपाळ्याच्या आकारात कोरायचा. चौकोनी ठिगळ डोळ्यांत भरते, शंकरपाळ्याच्या कडा रेषांबरोबर तिरक्या वाहून जातात. ठिगळाच्या कडांना किंचित उतार द्यायचा म्हणजे ते दाबताना घट्ट बसते. पॅटर्नच्या उताराचे उलटे गणित. तिथे वस्तू सहज निघावी म्हणून उतार, इथे ती कधीच निघू नये म्हणून. पटाशी मी धरली, बाबांनी माझ्या मनगटावर आपला हात ठेवला. त्या तासाभरात आम्ही दोन वाक्येही बोललो नसू.

ठिगळ बसले, वाळले, घासून सपाट झाले. आतल्या लाकडाला पन्नास वर्षांत उजेड लागला नव्हता, त्यामुळे ते आजूबाजूपेक्षा फिके दिसत होते. मी अक्रोडी रंगाची पूड आणून ठेवली होती. पाण्यात कालवून एक हात दिला असता तर ठिगळ कोणाला सापडलेही नसते, आणि असे रंग जुळवण्यात बाबांचा हातखंडा होता. त्यांनी पुडी उघडली नाही.

“दिसू दे,” ते म्हणाले. “दुरुस्ती केलीय, लपवलं नाही.”

एवढेच. माझ्या जेवतानाच्या बोलण्याचा त्यांनी उल्लेख केला नाही आणि मीही केला नाही.

यानंतरचे काम म्हणजे निव्वळ धीर. लाकूड ओल्या फडक्याने पुसायचे, रुवे उभे राहिले की बारीक पेपरने उतरवायचे, असे तीनदा. धातूला टेकणाऱ्या कडा मुळीच घासायच्या नाहीत. तिथे लाकूड धातूपेक्षा केसभर उंच राहिले पाहिजे. मग तेल. जवसाचे तेल वाळते म्हणजे पाण्यासारखे उडून जात नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन लाकडातच घट्ट होते. ऐन पावसाळ्यात ही क्रिया इतकी मंद चालते की एका हातानंतर दुसऱ्यासाठी आम्ही आठ-आठ दिवस थांबलो. हाताने चोळायचे, तळवा गरम होईपर्यंत, आणि अर्ध्या तासाने उरलेले पुसून घ्यायचे. पुसलेल्या चिंध्यांबाबत बाबा भारी कडक. तेल वाळताना उष्णता निर्माण होते. चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेट घेऊ शकतो. फाउंड्रीत काम केलेला माणूस आगीशी थट्टा करीत नाही. प्रत्येक चिंधी पाण्याच्या बादलीत जाई. घरभर तेलाचा वास पसरला आणि आईला तिच्या माहेरच्या जवसाच्या चटणीची आठवण होऊन एक दिवस तीही पानात आली. तेलासाठी घेतात त्या जवसाच्याच कुळातल्या उंच, धाग्याच्या झाडापासून लिनन होते आणि वेदीवर पवित्र भाकरीखाली अंथरायचे वस्त्र परंपरेने त्याच कापडाचे असते, हे मी नातवंडांना सांगितले. त्यांनी ते चटणी खाता खाता ऐकले.

सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेहून परतलो तेव्हा चौथा हात वाळला होता. लाकडाच्या आतून उजेड यावा तशी झाक आली होती. बाबांनी मला दस्त्याच्या आतली पोकळीही, जिथे बोल्ट बसतो आणि जी कोणाला कधीच दिसणार नाही, तेलाने पुसायला लावली.

मग त्यांनी मला विचारले, “तुला नकोय ना ही?”

मी नाही म्हणालो. मला वाटले होते तसे त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. परवाना रद्द करून रायफल जमा करण्याचा अर्ज त्यांनी आधीच लिहवून घेतला होता, माझ्या मुलीकडून. मी सुचवले की नळी देऊन टाकू आणि हा दस्ता घरी ठेवू. त्यांनी मान हलवली. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, हे त्यांनी कधीच विचारून ठेवले होते.

“मग एवढं कशाला केलं?”

“अर्धवट काम मी कधी बाहेर पाठवलंय?”

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, विधानसभेची आचारसंहिता लागण्याआधी, आम्ही दोघे रायफल घेऊन गेलो. तिथल्या हवालदाराने नळीवरचा क्रमांक भिंग लावून वाचला, परवान्याशी ताडला, नोंदवहीत उतरवला. लाकडाविषयी त्या नोंदवहीत रकाना नव्हता. रायफल आत नेण्यापूर्वी त्याने ती खांद्याला लावून पाहिली, गालाजवळ लाकडावरून एकदा हात फिरवला आणि विचारले, “नवीन बसवला का हो दस्ता?”

“जुनाच आहे,” बाबा म्हणाले आणि पावतीवर सही करण्यासाठी त्यांनी डाव्या हाताने उजवे मनगट धरले.

तेलाचा अर्धा डबा उरला होता. नाताळाआधी आमच्या धर्मग्रामातल्या तरुणांनी चर्चमधल्या जुन्या सागवानी बाकांची साफसफाई काढली, तेव्हा बाबांनी तो डबा माझ्याबरोबर पाठवला आणि चिंध्यांसाठी पाण्याची बादली आधी भरून ठेवा, असा निरोप दिला.